काढलं कायद्याने, दिलं पत्राने

मे महिन्याच्या अखेरीची गोष्ट. आमच्या आळीतल्या हवालदारांचा, म्हणजे आबांचा, मुलगा सुट्टीवर आला होता. पलटणीत आठ वर्षं झालेली, सध्याचं पोस्टिंग वर काश्मीरकडे. एका संध्याकाळी तो हातात सातबाऱ्याचा उतारा आणि मोबाइलमध्ये बांधाचे फोटो घेऊन माझ्याकडे आला. शेजाऱ्याने नांगरट करताना बांध फोडून ट्रॅक्टर चांगला दोन हात आत घातला होता. मोजणीची फी भरून वर्ष होत आलं होतं आणि मोजणीदार काही फिरकला नव्हता. "काका, आमदारसाहेबांना एक अर्ज लिहून द्या," म्हणाला. मी कागद ओढला आणि 'अर्जदार' या शब्दापुढे त्याचं नाव लिहायला लागलो, तसा तो पुढे वाकला. "माझं नाव नको काका. आबांचं घाला. आम्हाला तसलं चालत नाही."

स्वतःच्या बांधासाठी अर्ज करणं हा गुन्हा नव्हे, आणि जवानाच्या घरच्या तंट्याबद्दल त्याच्या कमांडिंग ऑफिसरने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहायची रीतही आहे. हे मी त्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाला, आबांचंच घाला.

त्या 'तसलं'मध्ये बरंच काही येतं. आर्मी अ‍ॅक्ट १९५०चं कलम २१ सरकारला अधिकार देतं की सैनिकाने संघटनेत जावं की नाही, सभा-निदर्शनांत भाग घ्यावा की नाही, वर्तमानपत्राशी बोलावं की नाही, यावर बंधनं घालावीत. या कलमाला बळ मिळतं ते राज्यघटनेच्या कलम ३३मधून. नागरिकाला दिलेले मूलभूत हक्क सैन्यदलांच्या बाबतीत किती कमी करायचे, हे ठरवण्याचा अधिकार घटनाकारांनी संसदेला दिला. संसदेने तो वापरला, आणि योग्यच केलं. राजकारणात उतरलेलं सैन्य कोणत्या देशात काय करून बसलं, हे आपण शेजारीपाजारी पाहिलेलं आहे. तेव्हा बंधनांबद्दल माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न बंधनानंतरचा आहे. एसटीच्या चालकाला युनियन आहे, शिक्षकाला आमदारसुद्धा स्वतंत्र आहे, ऊस उत्पादकाला रस्ता आहे. जवानाला यातलं काही नाही, कारण ते संसदेने काढून घेतलं. ज्याने तोंड बांधलं त्याच्यावर बोलण्याची जबाबदारी येते, असा माझा साधा हिशोब आहे. कलम ३३चा अर्थ मी असा लावतो की या देशात सैनिकांची एकच युनियन आहे आणि तिचं नाव संसद. गेल्या पन्नास वर्षांत या युनियनने आपल्या सभासदांसाठी काय केलं, हे तपासायला बसलं की एक विचित्र गोष्ट हाती लागते. सैनिकाचे हक्क काढून घेतले ते कायद्याने, विधेयक मांडून, सभागृहात मंजूर करून. त्याला जे दिलं ते जवळजवळ सगळं पत्राने. मंत्रालयातून निघालेल्या, कुणा सहसचिवाच्या सहीच्या पत्राने.

'वन रँक वन पेन्शन'चंच घ्या. जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज फिटायचं असतं आणि पगाराची जागा पेन्शनने घेतलेली असते. तिसऱ्या वेतन आयोगानंतर १९७३पासून सैनिकांच्या पेन्शनचं गणित नागरी नोकरांच्या रांगेत आणून बसवलं गेलं, तेव्हापासूनची ही मागणी आहे: एकाच हुद्द्यावरून, सारख्याच नोकरीनंतर निवृत्त झालेल्या दोघांना सारखी पेन्शन मिळावी, मग एक १९८५ला घरी आलेला असो की दुसरा २००५ला. मागणी समजायला इतकी सोपी की कुठल्याही पारावर दोन मिनिटांत पटावी. संसदेला ती पटली २०११च्या डिसेंबरात, तेही एका समितीला. राज्यसभेच्या याचिका समितीने, म्हणजे नागरिकांचे अर्ज ऐकणाऱ्या समितीने, माजी सैनिकांचा अर्ज घेतला, मंत्रालयाला समोर बसवलं, पैशांची सबब तपासली. वर्षाला सुमारे १,३०० कोटींचा बोजा काही देशाला न पेलणारा नाही, असं सांगून मागणी मान्य करा अशी शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. महाराष्ट्राला ते राज्यपाल म्हणून वेगळ्याच कारणांसाठी आठवतात. माणसाचं चांगलं काम असं मागे राहतं.

समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. पुढे निवडणूक आली. फेब्रुवारी २०१४च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाणाऱ्या सरकारने ५०० कोटी ठेवले, येणाऱ्या सरकारने जुलैत १,००० कोटी ठेवले, आणि तरीही जून २०१५मध्ये छातीवर पदकं लावलेले म्हातारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले. ७ नोव्हेंबर २०१५ला अखेर पत्र निघालं. पत्रातल्या शब्दांवरून वाद सुरू झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, मार्च २०२२ला निकाल लागला. निकालानंतरची थकबाकी कधी देणार हे सरकारने बंद लिफाफ्यात सांगू पाहिलं, तेव्हा मार्च २०२३मध्ये न्यायालयाने लिफाफा घ्यायला नकार दिला आणि तारखा ठरवून दिल्या: कुटुंब पेन्शनवाले आणि शौर्यपदकवाले आधी, सत्तरी ओलांडलेले त्यानंतर, बाकीचे हप्त्यांनी. हे वेळापत्रक कुणी ठरवलं? न्यायाधीशांनी. सत्तरीच्या माणसाला पैसे आधी द्या, एवढं म्हणायला लोकसभेत ५४३ लोक होते.

इथे कुणी म्हणेल की पत्राने दिलं काय आणि कायद्याने दिलं काय, पैसे खात्यात आले म्हणजे झालं. फरक कळायला आमच्या हवालदारांचा डावा कान बघावा. ते तोफखान्यातले. बावीस वर्षं तोफेशेजारी काढली. भरती होताना डॉक्टरने दोन्ही कान तपासून ठीक म्हणून लिहिलं होतं. घरी येताना मेडिकल बोर्डाने डाव्या कानाची नोंद केली आणि पुढे शेरा मारला की याचा नोकरीशी संबंध नाही. आता त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. दूरदर्शनचा आवाज आळीभर ऐकू येतो आणि सूनबाई बिचारी काही बोलत नाही. अपंगत्व पेन्शनसाठी त्यांनी अर्ज केला, तो नामंजूर झाला, मग अपील केलं, तेही नामंजूर. मुंबईला सैन्य न्यायाधिकरणात जा म्हणून कुणीतरी सुचवलं. "वकिलाला द्यायचं तेवढ्यात बैल येतो," म्हणाले.

सैनिक भरतीच्या वेळी निरोगी होता आणि नंतर आजारी झाला, तर तो आजार नोकरीमुळे आला असं धरून चालावं, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३मध्ये सांगितलं होतं. तरीही खटले थांबले नाहीत. डिसेंबर २०१४मध्ये अपंगत्व पेन्शनच्या वाढीव आकारणीविरुद्ध सरकारने केलेली जवळपास ९०० अपिलं त्या न्यायालयाने एका फटक्यात फेटाळली. एका बाजूला पाय गमावलेला किंवा कान गेलेला शिपाई, दुसऱ्या बाजूला भारत सरकार. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांना हे खटकलं. गोव्यातून आलेल्या या माणसाला फायलींची भाषा कळायची आणि तिचा राग यायचा, असं त्यांच्याविषयी म्हणता येईल. त्यांनी २०१५मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने सैनिकांविरुद्धची अशी कज्जेदलाली आवरा म्हणून सविस्तर लिहून दिलं. काही अपिलं मागे घेतली गेली. पण मंत्री बदलला की फाइलीचा कल बदलतो, कारण मुळात सैन्याच्या पेन्शनचे नियम हे संसदेने केलेले नियमच नाहीत. ते प्रशासकीय नियम आहेत. मंत्रालय ते लिहितं आणि मंत्रालयच त्यांचा अर्थ लावतं. अर्थ पटला नाही तर मंत्रालयच अपिलात जातं.

सैन्य न्यायाधिकरण मात्र कायद्याने आलं, २००७च्या. हा एक सणसणीत अपवाद, आणि त्याबद्दल तेव्हाच्या संसदेला मानायला हवं. पण त्यातही मेख राहिलीच. न्यायाधिकरणापुढच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात प्रतिवादी असतं संरक्षण मंत्रालय, आणि न्यायाधिकरणाचा कारभार ज्याच्या हाताखाली तेही संरक्षण मंत्रालयच. पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने २०१२मध्येच हा कारभार कायदा मंत्रालयाकडे न्या म्हणून सांगितलं होतं. एक ओळ बदलायची होती. ज्यांच्या हातात ओळी बदलण्याचं काम आहे त्यांना तेव्हापासून आजवर त्यासाठी एक दुपार मिळालेली नाही.

कायदेमंडळाला हे जमतच नाही असं नाही. ब्रिटिशांच्या काळातला, १९२५चा एक कायदा अजून जिवंत आहे: जवान युद्धावर किंवा तशाच विशेष परिस्थितीत नोकरीवर असताना त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात एकतर्फी निकाल लागू नये, खटला थांबवावा. आणि आपल्याच विधिमंडळाने चीन युद्धानंतर, १९६४मध्ये, कुळकायद्यात एक स्वतंत्र प्रकरण घातलं, सैन्यात असलेल्या किंवा राहिलेल्या जमीनमालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन कुळाकडून परत घेता यावी म्हणून. कुळकायदा म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्रातला सगळ्यात नाजूक विषय. कुळाच्या हक्काला हात लावणं म्हणजे मतांना हात लावणं. तरी त्या आमदारांनी बसून विचार केला की जो मुलगा नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आहे तो स्वतः नांगर धरू शकत नाही, म्हणून त्याची जमीन दुसऱ्याची होऊ नये. निर्णय बरोबर की चूक यावर आजही भांडता येईल, पण त्यात जवानाचं खरं आयुष्य कुणीतरी डोळ्यासमोर आणलं होतं. आमच्या हवालदारपुत्राचा बांध असाच एखाद्या कलमाची वाट पाहतोय.

आता २०२२चा जून. अग्निपथ योजना १४ तारखेला जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारातला एक कायम, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांची सेवानिधी घेऊन घरी, पेन्शन नाही. सैन्यात शिरण्याची जुनी रीत बदलली. यासाठी विधेयक आलं नाही, म्हणून त्यावर मतदान झालं नाही, म्हणून कोणत्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं हे कुठल्याही नोंदीत सापडत नाही. योजना वाईटच आहे असं मी म्हणत नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी होते आणि त्यातले जवळपास १ लाख ६१ हजार कोटी पेन्शनसाठी होते. नव्या तोफा आणि जुन्या तोफचींची पेन्शन हे एकाच ताटातून जेवतात, आणि कुणी तरुण फौजेचा, कमी पेन्शनचा मुद्दा मांडला तर तो ऐकण्यासारखा आहे. फक्त तो सभागृहात मांडायला हवा होता. ज्या पोराला युनियन नाही त्याच्या वतीने कुणीतरी उभं राहून विचारायला हवं होतं की चार वर्षांत मेला तर त्याच्या आईला काय? पुढे सियाचिनमध्ये ऑक्टोबर २०२३ला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर गेला, तेव्हा तो प्रश्न गावागावात विचारला गेला. संरक्षणविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४मध्ये शिफारस केली की कर्तव्यावर मेलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाइतकेच लाभ द्या. पुन्हा समिती, पुन्हा शिफारस.

संसदेचं खरं काम याच बंद खोल्यांत होतं हे मला मान्य आहे. कधी कधी फार चांगलं होतं. मार्च २०१८मध्ये निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीपुढे लष्कराच्या उपप्रमुखांनी सांगितलं होतं की सैन्याची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, आणि आधुनिकीकरणासाठी मिळालेल्या २१,३३८ कोटींतून आधी केलेल्या करारांचे २९,०३३ कोटीसुद्धा भागत नाहीत. खंडुरी सत्ताधारी पक्षाचे होते. त्यांनी ते झाकलं नाही, छापलं. सप्टेंबरात समितीच्या अध्यक्षपदी दुसरे गृहस्थ आले. आणि ज्या अर्थसंकल्पाबद्दल उपप्रमुख हे बोलत होते तो लोकसभेत कसा मंजूर झाला? १४ मार्च २०१८ला, गदारोळात, सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एकगठ्ठा, चर्चेविना. याला गिलोटिन म्हणतात. मान ठेवली की झालं. २०२३च्या मार्चमध्ये पुन्हा तसंच झालं. संरक्षण खात्याच्या एका एका रकमेवर सभागृहाने बोट ठेवावं ही अपेक्षा आता बाळबोध वाटावी इतकी जुनी झाली आहे.

आणि चर्चा झालीच नाही की काय होतं, त्याचेही कागद आहेत. महालेखापालांचा, म्हणजे कॅगचा, सियाचिन-लडाखमधल्या जवानांच्या साहित्यावरचा अहवाल फेब्रुवारी २०२०मध्ये संसदेत ठेवला गेला. बर्फात डोळे वाचवणाऱ्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बुटांची खरेदीच नाही, म्हणून वापरलेले बूट पुन्हा दुरुस्त करून दिलेले. शिध्यात एकाऐवजी दुसरं देताना उष्मांकाचा हिशोब कोलमडलेला. बर्फावर उन्हात बिनगॉगलचा माणूस काही तासांत डोळे उघडू शकत नाही, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि पाण्याच्या धारा लागतात. त्याच वर्षांत आपल्याकडे प्रत्येक सभेची सांगता सियाचिनच्या जवानाच्या नावाने होत होती. नोटाबंदीच्या रांगेत उभा असलेला म्हातारा कुरकुरला तरी त्याला सियाचिन दाखवलं जायचं. सियाचिनच्या जवानाच्या नाकावर गॉगल आहे का, हे दाखवणाऱ्यांपैकी कुणी पाहिलं होतं?

संरक्षणाचे विषय चव्हाट्यावर आणू नयेत, शत्रू ऐकतो, असं उत्तर येतं. ऑपरेशनच्या तपशिलाबाबत ते खरंच आहे. पण नोव्हेंबर १९६२ आठवा. नेफातलं बोमडिला पडायला दहा दिवस होते, चिनी फौजा आत घुसलेल्या होत्या, आणि तरुण वाजपेयींची मागणी मान्य करून नेहरूंनी संसदेचं अधिवेशन अलीकडे ओढलं. ८ नोव्हेंबरपासून आठवडाभर दीडशेहून अधिक सदस्य बोलले, पंतप्रधानांना समोरासमोर झोडलं, कपडे-बुटांवरून विचारलं. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पराभवाच्या चौकशीबद्दलचं त्यांचं सप्टेंबर १९६३चं निवेदन सभागृहातलंच. मूळ हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. गलवानच्या वर्षी, २०२०च्या पावसाळी अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. डिसेंबर २०२२मध्ये तवांगजवळच्या चकमकीवर विरोधकांनी चर्चा मागितली, निवेदन मिळालं, चर्चा नाही. जुलै २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरवर १६ तासांची चर्चा ठरली आणि झाली, हे नोंदवायला हवं. तीतून कुणी थांबवलं आणि कुणी जिंकलं हे भरपूर ऐकायला मिळालं. ज्या पोरांनी ते केलं त्यांच्या पेन्शनचा कायदा कधी, हे विचारणारा आवाज माझ्या तरी कानावर आला नाही, आणि माझे दोन्ही कान ठीक आहेत.

उलट शब्दांचा विषय आला की सभागृहं पेटून उठतात. २०१७मध्ये आपल्या विधान परिषदेतल्या एका सदस्याने जवानांच्या पत्नींबद्दल अत्यंत हीन विधान केलं. सभागृह उसळलं, त्याला दीड वर्षासाठी निलंबित केलं. करायलाच हवं होतं. पण संतापाचा तो जोर पाहून वाटलं की यातला शंभरावा हिस्सा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे वळता तर. कारण शब्दांवर संतापायला फाइल वाचावी लागत नाही.

हे असं का होतं याचं उत्तर मी हेतूंमध्ये शोधत नाही. आपले खासदार काही सैनिकद्वेष्टे नाहीत, बहुतेकांच्या मतदारसंघात, आणि सातारा-कोल्हापूर-नगरकडे तर घरटी, कुणीतरी फौजेत आहे. पण जवानाचं मत टपालाने येतं, विखुरलेलं येतं, आणि मोजणीच्या टेबलावर ते कुणाचंच भवितव्य ठरवत नाही. त्याचा फोटो मात्र ठरवतो. निवडणूक आयोगाला २०१३मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९मध्ये पक्षांना लिहून सांगावं लागलं की प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नका. त्यातून एखाद्या खासदाराने स्वतःहून सैनिक पेन्शनचं खासगी विधेयक आणलंच, तर ते शुक्रवारच्या दुपारी अर्ध्या रिकाम्या सभागृहात मांडलं जाईल आणि तिथेच राहील. खासगी सदस्याचं शेवटचं विधेयक संसदेने मंजूर केलं ते १९७०मध्ये. सरकारी विधेयक असेल तर पक्षादेशाविरुद्ध हात वर केला की १९८५पासून सदस्यत्व जातं. तेव्हा खासदाराकडे उरतं काय? प्रश्न. लोकसभेत रोज २० तारांकित, २३० अतारांकित, चिठ्ठी टाकून ठरलेले. त्याला फक्त कागद भरून द्यायचा असतो, पक्षाची परवानगी लागत नाही.

अर्ज आबांच्या नावाने गेला. मुलगा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत रुजू झाला. जुलैत आबा स्वतः आले, उजव्या बाजूला बसले, आमदारांकडून काही आलं नाही म्हणाले. मी म्हटलं, बांधाचं राहू दे, कानाचं खासदारांना लिहू. अमुक करा असं नको लिहायला. लोकसभेत प्रश्न विचारा असं लिहू: अपंगत्व पेन्शनचे किती अर्ज नामंजूर झाले, किती जवानांविरुद्ध सरकार कोर्टात आहे, वकिलांवर किती खर्च झाला. आबांनी दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "त्याने काय होईल?"

"मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. छापलं जातं. कायम राहतं."

"माझं नाव येतं का त्यात?"

"नाही. प्रश्न विचारणाऱ्याचं येतं. खासदारांचं."

आबांनी थोडा वेळ विचार केला. "मग विचारतील," म्हणाले, आणि कागद माझ्याकडे सरकवला.